रानातली बालवाडी

मध्यंतरी एक शेतकरी भाऊ माझ्याकडे आले. बरोबर चार वर्षांचा मुलगा होता. म्हणाले, "गुरुजी, हा दिवसभर मातीत खेळतो. झाडावर चढतो. दगडगोटे गोळा करतो. अजून अ-आ-इ येत नाही. याला कुठं तरी बसवून टाकावं म्हणतो. एका जागी बसला तर चार अक्षरं शिकेल."

मी मुलाला विचारलं, "काय रे, मातीत काय करतोस?"

तो म्हणाला, "मुंग्या बघतो. त्यांची वाट मी बोटानं मोडतो. त्या दुसरी वाट काढतात."

मंडळी, हे त्याला कोणी शिकवलं? कोणी नाही. त्यानं पाहिलं, करून बघितलं आणि ध्यानात ठेवलं. यालाच शिकणं म्हणतात. मग मी त्या भाऊंना जे सांगितलं, तेच आज तुम्हांला सांगतो.

भिंती नसलेली बालवाडी

युरोपात डेन्मार्क नावाचा लहानसा देश आहे. तिथे थंडी फार. हिवाळ्यात बर्फ पडतो. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथल्या एला फ्लाताव नावाच्या बाई आपल्या मुलांना नेमानं रानात फिरायला नेत. शेजाऱ्यांनी ते पाहिलं. त्यांनीही आपली मुलं बाईंबरोबर धाडली. असं करता करता रानातली बालवाडी तयार झाली.

या बालवाडीत मुलं सकाळी जमतात आणि बाईंबरोबर रानात जातात. खेळ तिथंच, गोष्ट तिथंच, डबाही तिथंच. पाऊस आला तर पाणी न शिरणारे कपडे आणि बूट घालतात, पण बाहेर जातातच. ही चाल पुढे शेजारच्या देशांत पसरली. जर्मनीत आज अशा हजारावर बालवाड्या आहेत. इंग्लंडमधल्या एका कॉलेजची मंडळी १९९३ साली डेन्मार्कला जाऊन हे बघून आली आणि त्यांनीही घरी येऊन तसंच सुरू केलं.

पण एखादी गोष्ट चांगली वाटली म्हणून ती चांगली ठरत नाही. बियाणं चांगलं की वाईट, हे आपण पेरून पाहतो. तशी याचीही पारख झाली आहे.

नॉर्वेमधली पारख

नॉर्वे देशात इंगुन फ्योर्टोफ्ट नावाच्या अभ्यासक बाई आहेत. त्यांनी पाच ते सात वर्षांच्या मुलांचे दोन गट घेतले. पहिल्या गटात ४६ मुलं होती. ती रोज एक ते दोन तास बालवाडीजवळच्या रानात खेळत. दुसऱ्या गटात २९ मुलं होती. ती नेहमीच्या सपाट अंगणात खेळत. तिथं झोपाळा, घसरगुंडी, वाळू असं सारं होतं. रानात ती कधीमधीच जात.

नऊ महिने असं चाललं. आधी आणि नंतर सगळ्या मुलांची परीक्षा घेतली. एका पायावर किती वेळ उभं राहता येतं? अरुंद फळीवरून तोल सांभाळून चालता येतं का? लांब उडी किती जाते? २००१ साली बाईंनी निकाल छापला. तोल सांभाळणं आणि हातापायांचा मेळ, या दोन गोष्टींत रानात खेळणारी मुलं पुढे गेली होती.

असं का झालं? आपण शेतकरी माणसं, आपल्याला हे लगेच कळेल. सपाट फरशीवर प्रत्येक पाऊल सारखंच पडतं. रानात तसं नाही. इथं दगड, तिथं मुळी, पुढं उतार. प्रत्येक पावलाला पोराला विचार करावा लागतो. शिवाय घसरगुंडी ती घसरगुंडीच. पण झुडूप आज घर होतं, उद्या दुकान होतं, परवा लपायची जागा होते. खेळ मुलाला स्वतः शोधावा लागतो. त्यात डोकंही चालतं.

फिनलंडमधली माती

"मातीत खेळू नको, आजारी पडशील," असं आपण म्हणतो. याची पारख फिनलंड देशात झाली. तिथल्या काही पाळणाघरांची अंगणं खडीची होती. अभ्यासकांनी चार अंगणांत रानातली जमीनच आणून अंथरली. तीत माती, शेवाळ, गवत, लहान झुडपं सारं होतं. तीन ते पाच वर्षांची मुलं तिथं रोज सुमारे दीड तास खेळली. शेजारी तुलनेसाठी खडीची अंगणंही ठेवली. एकूण १० पाळणाघरं आणि ७५ मुलं होती.

अवघ्या २८ दिवसांत फरक दिसला. निरोगी मातीत डोळ्यांना न दिसणारे अनेक प्रकारचे जीव असतात. त्यांतले पुष्कळसे निरुपद्रवी असतात. मुलांच्या कातडीवर अशा जीवांचे प्रकार वाढले. रक्त तपासलं, तेव्हा रोगाशी झगडणारी शरीराची शक्ती अधिक ताळ्यावर असल्याच्या खुणा दिसल्या. ही शक्ती नसत्या गोष्टींवर भडकली, की दमा, अंगावर पित्त असले विकार होतात, असं डॉक्टर सांगतात. हा निकाल २०२० साली छापला गेला.

पण हे नीट समजून घ्या. ही रानातली स्वच्छ माती होती. गटाराची, उकिरड्याची किंवा हागणदारीची माती वेगळी. तिच्यात जंत आणि रोग असतात. म्हणून खेळून आल्यावर साबणानं हात धुणं सुटत नाही.

आणखी एक सांगतो. इंग्लंडमध्ये २४ मुलांवर आठ महिने नजर ठेवली. रानात जाणारी मुलं धीट झाली, मिळून-मिसळून वागू लागली, जास्त बोलू लागली, असं दिसलं. पण २४ मुलांवरून साऱ्या जगाचा हिशेब मांडता येत नाही. रानात गेलं की अक्षरं आपोआप येतात, असंही कोणी म्हणत नाही. अक्षरं शिकवावीच लागतात. मात्र त्यासाठी तीन-चार वर्षांच्या पोराला दिवसभर कोंडून ठेवायची गरज नाही.

आपल्याकडची कुरणशाळा

हे सगळं परदेशातलं, असं म्हणू नका. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी गावी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्या बरोबर होत्या. महागडी साधनं नव्हती. शंख, शिंपले, पानं, खडे हीच साधनं. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं चारायला जात. शाळेत कशी येणार? मग शाळाच कुरणात गेली. तिला नाव पडलं कुरणशाळा.

मात्र गुरांमागे धाडलं की मूल आपोआप शिकतं, असा अर्थ घेऊ नका. काम लावणं वेगळं आणि खेळू देणं वेगळं. बरोबर मोठं माणूस हवं. मुलानं "हे काय?" विचारलं, तर सांगणारं कोणी हवं.

आपण काय करावं?

गावच्या अंगणवाडीताईंशी बोला. आठवड्यातून दोनदा तरी मुलांना आमराईत, देवराईत न्यावं. दोन-तीन आयांनी बरोबर जावं. उघडी विहीर आणि ओढ्याचा डोह टाळावा. विंचू-सापाची अडगळ आधी पाहून घ्यावी. भर उन्हात नेऊ नये. पाणी बरोबर घ्यावं. पानं मोजायला लावावी, पाखरं ओळखायला लावावी. मूल पडलं, थोडं खरचटलं, तर घाबरून खेळ बंद करू नये.

त्या भाऊंनी मुलाला अंगणवाडीत घातलं. आता शनिवारी ते स्वतः मुलांबरोबर आमराईत जातात. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "गुरुजी, पोरं इतकं विचारतात की मला उत्तरं येत नाहीत."

मी म्हटलं, "मग तुम्हीही वाचायला लागा."