मागे बसणारीला आधी कळतं

यवतमाळ जिल्ह्यात बहुतेक घरांत गाडी म्हणजे दुचाकी, आणि मागच्या सीटवर बायको. ‘अहो, ट्रक येतोय’, ‘आता डावीकडे’ असं तिला पावलोपावली सांगावं लागू लागलं, दत्त चौकातून रोजचं वळण नवऱ्याला सुचेनासं झालं, तर ते वयाचं म्हणून सोडून देऊ नये; ती स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते.

साठीपुढच्या भारतीयांत सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या आजारात स्मरणाबरोबर लक्ष, अंतराचा अंदाज आणि वेळेवर निर्णय घेणंही ढासळतं. क्लच-गिअरची हातापायांची सवय मात्र बराच काळ टिकते. म्हणूनच गल्लीत ठीक चालवणारा माणूस वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकपुढे गोंधळतो.

‘मला काही झालं नाही’ हे त्याचं म्हणणं मनापासूनचं असतं, पण भरवशाचं नसतं. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये हेच सांगितलं: रुग्णाने स्वतःला दिलेला निर्वाळा कामाचा नाही; घरच्यांना ड्रायव्हिंग धोक्याचं वाटत असेल, तर ते गंभीरपणे घ्यावं. नातवाला आजोबांच्या मागे बसवायला मन धजत नसेल, तर चावी काढून ठेवायची वेळ झाली.

परवान्यावरच्या तारखेवर विसंबू नका. पंचावन्ननंतर नूतनीकरण ५ वर्षांसाठी होतं. तेवढ्यात आजार कुठल्या कुठे पोचतो. आजारामुळे गाडी चालवण्यास अपात्र ठरणाऱ्याचा परवाना रद्द करण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ ने परवाना अधिकाऱ्याला दिला आहे.

पण तिथवर जाऊ देऊ नये. निदान झालं की रुग्णाचं डोकं शाबूत असतानाच बोलून ठरवावं आणि ‘गाडी बंद’ हे डॉक्टरांच्या तोंडून, लेखी घ्यावं. मग बायको वैरीण ठरत नाही. गाडी गेली तरी बाहेर जाणं थांबू नये. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे, पासष्टीपुढे निम्मं भाडं. सोबत मात्र कुणी हवं. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६ आहे.

आणि मुलांनो, आई ‘यांच्या मागे बसायची भीती वाटते’ म्हणाली, तर तिची समजूत काढू नका. त्याच आठवड्यात बाबांना डॉक्टरांकडे न्या.