वायरलेसची वायरिंग : सफाईतच कमाई

नाशिकला राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या मोटार रॅली झालेल्या आहेत. अशा गाड्यांत वायरलेस बसवण्याचे काम पुंडलिकनगरच्या ऑटो-इलेक्ट्रिशियन बांधवांनाही जमण्यासारखे आहे. मात्र लोंबती वायर चालकाच्या पायात अडकली, तर जिवावर बेतते.

सेटचा करंट थेट बॅटरीवरून घ्यावा. फ्यूज बॅटरीजवळच लावावा. पुढे वायर घासून शॉर्ट झाली, तर फ्यूज उडतो आणि आग टळते. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवेच. एरियलची केबल इग्निशन कॉइलपासून दूर न्यावी, नाहीतर खरखर येते. अर्थिंगच्या जागचा रंग खरवडावा. सेटचा परवाना गिऱ्हाईकाला आधी विचारावा.

वायरच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावली, तर मैदानावर बिघाड चटकन सापडतो. असे गिऱ्हाईक पुन्हा आपल्याच दुकानी येते.