दोन कॉम्प्युटर, एकच स्क्रीन: काउंटरवरची जागा वाचवणारी डबी



झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, डीटीपी, फोटो असं काही सुरू करायचा विचार असेल, तर आजचा विषय तुमच्या कामाचा आहे. व्हिडिओत मी वायरी जोडून दाखवल्यात, पण पैसे कुठे वाया जातात ते बोलायचं राहून गेलं. ते इथे लिहितो.

माझा गाळा आठ बाय दहाचा. त्यात झेरॉक्स मशीन, लॅमिनेशन, दोन खुर्च्या आणि मी. सुरुवातीला एकच कॉम्प्युटर होता, विंडोज 7 चा. लग्नपत्रिका आणि हँडबिलांचं सगळं काम त्यावर, जुन्या नॉन-युनिकोड मराठी फॉन्टमध्ये. पुढे ऑनलाइन फॉर्मची कामं वाढली म्हणून नवा घेतला. मग जुना विकून का नाही टाकला? कारण पत्रिकांच्या हजारभर जुन्या फाइल त्याच्यावरच नीट उघडतात. नव्यावर उघडल्या की ‘चि. सौ. कां.’च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. शिवाय विंडोज 7 चे सिक्युरिटी अपडेट जानेवारी 2020 मध्येच बंद झाले, त्यामुळे तो इंटरनेटला जोडून गिऱ्हाइकाचं आधार, बँक पासबुक त्यावर उघडणं मला पटत नव्हतं. म्हणजे दोन्ही हवेतच: जुना इंटरनेटशिवाय, नवा इंटरनेटसह.

आता दोन स्क्रीन, दोन कीबोर्ड, दोन माऊस ठेवले की काउंटर संपला. गिऱ्हाईक कागद ठेवणार कुठे? सही करणार कुठे? आणि दोन स्क्रीनच्या मागे मी बसलो की समोरच्याला माझं कपाळच दिसायचं. जागेचा प्रश्न हाच होता. कोणी वीज वाचते म्हणून सांगत असेल तर हिशोब करा. साधा एलईडी मॉनिटर वीसेक वॅट खातो. दहा तास चालला तर 0.2 युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी दिवसाला दोन रुपये. त्यासाठी कोणी एवढा खटाटोप करत नाही.

यावर उपाय म्हणजे केव्हीएम स्विच. के म्हणजे कीबोर्ड, व्ही म्हणजे व्हिडिओ, एम म्हणजे माऊस. छोटी डबी असते. एका बाजूला तुमची स्क्रीन, कीबोर्ड, माऊस, दुसऱ्या बाजूला दोन्ही सीपीयूंच्या वायरी. बटण दाबलं की तिन्ही गोष्टी पहिल्यावरून दुसऱ्यावर. दोन्ही कॉम्प्युटर चालूच राहतात, फक्त तुम्ही कोणासमोर बसलाय ते बदलतं. साध्या डबीतून एकावरचा डेटा दुसऱ्यावर जात नाही. माझ्यासाठी तर हे चांगलंच होतं.

पण मी काय केलं? आधी डबी घेतली आणि मग सीपीयूची मागची बाजू बघितली. डबी एचडीएमआयची, जुन्या कॉम्प्युटरला फक्त व्हीजीए. मग कन्व्हर्टर आणला, तोही उलटा! ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ आणि ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ बघायला सारखेच दिसतात, पण सिग्नल एकाच दिशेने जातो. मला सीपीयूतून व्हीजीए निघून एचडीएमआयमध्ये जायला हवं होतं. दुकानदाराची चूक नाही, मीच नीट सांगितलं नव्हतं. म्हणून तुम्ही आधी मोबाइलवर तीन फोटो काढा: दोन्ही सीपीयूंची मागची बाजू आणि मॉनिटरची मागची बाजू. ते दाखवूनच खरेदी करा.

आणि मॉनिटरचा फोटो काढताना एक गोष्ट कदाचित दिसेल. बऱ्याच मॉनिटरना व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही सॉकेट असतात. तसं असेल तर केव्हीएम घेऊच नका. जुना व्हीजीएला लावा, नवा एचडीएमआयला, स्क्रीन बदलायला मॉनिटरचंच इनपुट बटण वापरा. कीबोर्ड-माऊससाठी फक्त साधा यूएसबी स्विच घ्या, तो स्वस्तात मिळतो. दोन बटणं दाबावी लागतात एवढंच. नव्या माणसाला मी आधी हेच सुचवतो.

आता माझी सगळ्यात महाग चूक. डबीवर एकदोन जादा यूएसबी सॉकेट असतात. मी त्यात पेन ड्राइव्ह लावला. एका पत्रिकेची फायनल फाइल त्यावर सेव्ह होत होती, तेवढ्यात कोणीतरी फॉर्मचं विचारलं आणि मी सवयीने बटण दाबलं. बटण दाबणं म्हणजे डबीतल्या प्रत्येक यूएसबी वस्तूची वायर उपटून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावणं! फाइल खराब. पार्टीने नावं, मामांची यादी, सगळं तपासून पास केलेली एकमेव कॉपी. पाचशे पत्रिका सकाळी छापायला जायच्या होत्या. रात्री दीड वाजेपर्यंत बसून पुन्हा केली, आणि पहाटे त्यांना पुन्हा तपासायला फोन करताना काय वाटलं ते विचारू नका. तेव्हापासून डबीत फक्त कीबोर्ड आणि माऊस. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन ज्याचं त्याच्या सीपीयूला थेट.

दुसरी चूक म्हणजे दोन्हीवर एकच वॉलपेपर, गणपतीचा. घाईत आपण कुठल्या कॉम्प्युटरवर आहोत तेच कळायचं नाही. एकदा भलत्याच डेस्कटॉपवरचं फोल्डर डिलीट केलं. रिसायकल बिनमध्ये सापडलं म्हणून वाचलो. आता जुन्याची स्क्रीन साधी लाल, नव्याची निळी. गणपती भिंतीवर.

सकाळी दुकान उघडल्यावर जुना कॉम्प्युटर ‘कीबोर्ड सापडत नाही’ असं सांगून अडून बसला, तर घाबरू नका. डबी त्या वेळी दुसऱ्याकडे असते. आधी जुन्याकडे वळवून तो सुरू करा, मग नवा.

डबीऐवजी रिमोट डेस्कटॉप वापरता येईल का? येईल, पण ज्याच्यात शिरायचं त्याच्यावर विंडोजची होम आवृत्ती असेल तर हे चालत नाही, प्रो लागते. आणि दोन्ही कॉम्प्युटर नेटवर्कला जोडावे लागतात, जे मला जुन्यासाठी नकोच होतं.

एक अट मात्र लक्षात ठेवा. हे सगळं एकट्या माणसासाठी आहे. गेल्या दिवाळीत मी मदतीला एक मुलगी ठेवली. पहिल्या आठवड्यात ती फॉर्म भरायची तेव्हा मी पत्रिका घेऊन उभा, आणि मी बसलो की ती उभी. पगार चालू, काम एकाचंच. पुढच्या सोमवारी जुना मॉनिटर आणि कीबोर्ड माळ्यावरून काढला, भिंतीला फळी ठोकली आणि जुना कॉम्प्युटर तिकडे हलवला. डबी आता घरी आहे. तिथे ऑफिसचा लॅपटॉप आणि मुलाचा कॉम्प्युटर एका टेबलावर बसवतोय. ते जमलं की त्याचाही व्हिडिओ टाकतो.