महसिराचं बिऱ्हाड

१९९०च्या दशकात बँकेच्या कर्जवसुलीसाठी मी महाड तालुक्यात बरीच पायपीट केली. अशाच एका फेरीत काळ नदीवरचा वाळणकोंड पाहिला. कोंड म्हणजे खडकाळ पात्रातला खोल डोह. मूठभर कुरमुरे टाकले, तर हातभर लांबीचे, मोठ्या खवल्यांचे मासे झुंडीनं वर आले. सोबतचे म्हातारबाबा म्हणाले, ‘‘देवाचे मासे हायेत, सायेब. हितं कुनी गळ टाकत नाय.’’

हे मासे महसीर. सह्याद्रीतल्या नद्यांचे मूळ रहिवासी. दख्खनी महसिराची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केली, ती पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून!

या माशाची आवड मोठी चोखंदळ. पाणी हवं वाहतं, स्वच्छ आणि प्राणवायूनं भरलेलं. तळाशी गाळ नको, दगडगोटे हवेत. पण एवढ्यावर भागत नाही. त्याचं बिऱ्हाड ऋतूप्रमाणे हलतं. उन्हाळ्यात धार बारीक झाली की तो खोल डोहाचा आश्रय घेतो. पावसाळ्यात पूर आला की प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्यांच्या उथळ पात्रात अंडी घालतो. अंडी गोट्यांच्या फटींत विसावतात. पिल्लं काठच्या संथ, उथळ पाण्यात वाढतात. काठावरच्या झाडांची पडलेली फळंही त्याला चालतात. म्हणजे डोह, खळाळ, गोटे आणि झाडी ही सगळी एकाच घराची दालनं.

आपण नेमकी ही दालनंच तोडतो. बंधारा घातला की वर जायची वाट बंद. वाळू-गोटे उपसले की बाळंतिणीची खोली गेली. उघड्या डोंगरावरून गाळ आला की अंडी गुदमरतात. साइक्स यांना मासा मिळाला त्या मुळा-मुठेत आज शहराचं सांडपाणी वाहतं.

लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात महसिराची कृत्रिम पैदास झाली, पिल्लं जलाशयांत सोडली गेली. काम मोलाचंच. पण आयुष्यभर घरकर्जाच्या फायली तपासलेला मी माणूस. मला प्रश्न पडतो, भाडेकरू आणला, पण घर कुठं आहे?

श्रद्धेनं वाळणकोंडाचा डोह राखला, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे इथंही राखला. देवानं एक दालन सांभाळलं. उरलेली नदी सांभाळायची आहे आपल्याला.