कबाबातले लोह कोणाच्या वाट्याला?

भोकरदन तालुक्यातल्या धावड्याला एकदा कामानिमित्त गेलो होतो. संध्याकाळची वेळ. रस्त्याकडेला शेगडीवर सीख कबाब भाजत होते. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, हे अंगी लागतं का, की नुसती जिभेची चैन?’’ त्यांना दिलेले उत्तर आज तुम्हालाही सांगतो.

चरबी काढलेल्या बोकडाच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे साधारण तीन अंड्यांइतकी. शिवाय लोह, जस्त आणि बी-12 हे जीवनसत्त्व. पालेभाजीतल्या लोहापेक्षा मांसातले लोह शरीर सहज शोषून घेते. तेव्हा कबाब ही नुसती चैन नव्हे.

मग बिघडते कुठे? खिमा मऊ राहावा म्हणून त्यात चरबी मिसळतात. ती निखाऱ्यावर ठिबकली की धूर उठतो. या धुरात आणि करपलेल्या काळ्या भागात अपायकारक रसायने असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. म्हणून कबाब रोज नको, करपलेला तर नकोच. पण आत कच्चाही नको, कारण खिमा करताना वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात.

मी त्यांना उलट विचारले, ‘‘घरी नेता का कधी?’’ ते हसले. ‘‘बायामाणसं कुठं हे खातात!’’

खरा प्रश्न इथेच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्यांना लोहाची सर्वांत जास्त गरज, त्यांच्या ताटात ते सर्वांत कमी.

मांसाहारी घरात हाच खिमा तव्यावर थोड्या तेलात, मीठ बेताने घालून भाजता येतो. सोबत डाळ-भाकरी असेल तर वर लिंबू पिळावे. त्यामुळे धान्या-डाळीतले लोहही अंगी लागते. चहा मात्र तासाभराने घ्यावा. शाकाहारी मंडळींनी मोड आलेली मटकी आणि लिंबू विसरू नये. आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, तर कबाबाच्या भरवशावर त्या बंद करू नयेत.

निघताना पाहिले, त्या गृहस्थांनी चार कबाब कागदात बांधून घेतले होते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)