ना ग्लेझ, ना रंग... फक्त आग!

प्रेझेंटेशनमधला एक फॉन्ट चुकला तरी आपला जीव वर-खाली होतो. मग दहा-बारा दिवस रात्रंदिवस भट्टी पेटती ठेवायची आणि आतून नेमकं काय निघणार, याची काहीच गॅरंटी नाही, असा जॉब कुणी घेईल? जपानमध्ये ओकायामाजवळच्या इम्बे गावातले कुंभार शतकानुशतकं तो करताहेत. त्यांच्या भांड्यांना म्हणतात बिझेन.

पहिल्या नजरेत बिझेन अगदी साधं वाटतं. तपकिरी, किंचित खरखरीत. चकाकी नाही, की ब्रशने काढलेली नक्षी नाही. पण जरा हातात घेऊन फिरवा. एखाद्या कपावर तांबड्या रेघा, तर दुसऱ्यावर तीळ भुरभुरल्यासारखे ठिपके. आता हे डिझाइन केलं कुणी? चक्क आगीने!

भातशेतांखालून काढलेल्या इथल्या मातीत लोह भरपूर. घाईघाईत तापवली, तर तडकते. म्हणून पाइनची लाकडं घालत भट्टी हळूहळू बाराशे अंशांच्या पुढे न्यायची. उडालेली राख भांड्यावर बसून वितळते, ती 'गोमा', म्हणजे तीळ! भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा ठेवायचे. त्याच्या जळक्या खुणांतून आल्या लाल रेघा, 'हिदासुकी'. जुगाड होता, पुढे तीच स्टाइल झाली.

सोळाव्या शतकात चहा-समारंभाचे गुरू या साधेपणावर फिदा होते. पण सतराव्या शतकात जपानमध्येच पांढरंशुभ्र पोर्सेलीन बनू लागलं आणि बिझेन मागे पडलं. १८६८ नंतर सरदारांचा आश्रयही गेला. दुसऱ्या महायुद्धात तर इथल्या भट्ट्यांमध्ये मातीचे हातबॉम्ब भाजले गेले!

बिझेनला पुन्हा उभं केलं कानेशिगे तोयो यांनी. सुरुवातीला ते शोभेच्या नाजूक मूर्ती घडवायचे, हात छान बसला होता. पण ते सोडून ते चारशे वर्षांपूर्वीच्या भांड्यांकडे वळले. माती कशी निवडायची, भट्टी कशी लावायची, सगळं नव्याने शोधत बसले. १९५६ मध्ये जपान सरकारने त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. २०१७ मध्ये बिझेनसह सहा प्राचीन भट्टी-गावं 'जपान हेरिटेज'च्या यादीत आली.

तेव्हा एखाद्या कपावर डाग दिसला, तर लगेच 'डिफेक्टिव्ह' म्हणू नका. कदाचित त्या एका डागासाठी कुणीतरी दहा रात्री जागलं असेल!