संगणकावरील सार्वजनिक चावडी आणि तिचे विश्वस्त

महोत्सवी स्मरणिकेत शिक्षण, आरोग्य आणि धर्मादाय कार्य यांवरील लेख असावयाचेच. त्यांच्या पंक्तीला संगणकावरील संभाषणाचा विषय आम्ही का आणून बसविला, असे काही वाचकांस वाटेल. त्याची कारणे दोन. आपल्या सभासदांच्या घरांतील कितीतरी मुलेमुली आज संगणकशास्त्र शिकत आहेत. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय बेळगावीच आहे. ही मुले ज्या मुक्त प्रणालींवर हात बसवितात, त्या घडविणारी माणसे एकमेकांशी कोठे व कशी बोलतात, हे पालकांस ठाऊक असणे बरे. दुसरे कारण असे की, त्या बोलण्याच्या जागा सार्वजनिक आहेत, देणग्यांवर व स्वयंसेवेवर चालतात, आणि त्यांच्या मालकीवरून २०२१ साली एक मोठे प्रकरण घडले. विश्वस्त म्हणून काम करणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे असे आहे.

प्रथम 'मुक्त प्रणाली' म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या प्रणालीचा मूळ लिहिलेला मजकूर कोणासही वाचण्यास, दुरुस्त करण्यास आणि पुन्हा वाटण्यास मोकळा असला, म्हणजे ती मुक्त प्रणाली होय. लिनक्स हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. अशा प्रणाली देशोदेशींचे लोक मिळून रचतात. त्यांतील बहुतेकांनी एकमेकांस पाहिलेलेही नसते. तेव्हा त्यांस रोज बसावयास एखादी चावडी हवी. ती त्यांना 'इंटरनेट रिले चॅट' या साधनाने मिळाली.

हे साधन फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात यार्को ऑइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये तयार केले. त्याची रचना अगदी साधी आहे. अनेक ठिकाणचे सर्व्हर, म्हणजे सेवा देणारे संगणक, एकमेकांस जोडून एक जाळे बनते. आपण आपल्या जवळच्या सर्व्हरशी जोडून घ्यावयाचे, एक टोपणनाव धारण करावयाचे आणि '#' या चिन्हाने सुरू होणाऱ्या नावाच्या दालनात शिरावयाचे. तेथे लिहिलेली ओळ सर्व्हर एकमेकांकडे पुढे ढकलतात आणि त्या दालनातील प्रत्येकास ती तत्क्षणी दिसते. दालनाची शिस्त पाहणाऱ्यास चालक म्हणतात. तो दंगेखोरास बाहेर काढू शकतो. दोन सर्व्हरांमधला दुवा तुटला तर जाळे दुभंगते. दोन्ही बाजूंची माणसे आपापल्या अर्ध्यात बोलत राहतात आणि दुवा सांधला की पुन्हा एकत्र येतात. सीमाभागातील वाचकांस ही अवस्था फार समजावून सांगावयास नको.

या साधनाने चित्र वा ध्वनी जात नाही, केवळ लिहिलेला मजकूर जातो. म्हणून मंद जोडणीवरही ते चालते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या नियमावलीप्रमाणे एक संदेश सर्व मिळून ५१२ बाइटांचा असतो. रोमन अक्षर एका बाइटात मावते. आपल्या देवनागरीस मात्र आजच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि 'क्षी' हे एक अक्षर चार चिन्हांचे असल्यामुळे बारा बाइट खाते. सबब मराठी माणसाची ओळ इंग्रजी ओळीच्या मानाने तिसऱ्या हिश्शावरच संपते. तरीही मराठी लिहिता येते, हे महत्त्वाचे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेली 'लोहित' अक्षरवळणे २००४ साली रेड हॅट या कंपनीने मुक्त परवान्याने खुली केल्यापासून लिनक्सवर भारतीय लिपी वाचण्याची मोठी सोय झाली. विकिपीडियाच्या चालकांनीही आपल्या रिले चॅट सर्व्हरवर भाषेगणिक दालने उघडली, त्यांत मराठीचेही आले. मराठी विकिपीडियावर कोणी एखादा शब्द बदलला की त्याची ओळ त्या दालनात उमटावी, अशी ती योजना.

खेड्यापाड्यांतील विद्यार्थ्यांस याचा उपयोग कसा होतो, त्याचा उत्तम दाखला बंगालमधील दुर्गापूरच्या लिनक्स वापरकर्त्यांच्या मंडळाने घालून दिला. 'डीजीप्लग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मंडळाने २००८ पासून रिले चॅटवर विनामूल्य उन्हाळी वर्ग चालविले. आरंभी हजेरी घेतली जाई. शंका असेल त्याने मध्येच न बोलता केवळ उद्गारचिन्ह लिहावयाचे, म्हणजे हात वर केल्यासारखे झाले. शिक्षकाने नाव पुकारले की मग प्रश्न लिहावयाचा. ना बाक, ना फळा, ना प्रवासखर्च. शिकण्याची इच्छा आणि जेमतेम जोडणी एवढ्यावर भागे.

आपल्या भागास या व्यवस्थेचे मोल अधिक आहे. निपाणी कर्नाटकात आणि निपाणीचे देवचंद महाविद्यालय अर्जुननगरास, म्हणजे महाराष्ट्रात. येथील विद्यार्थी राज्य ओलांडून वर्गात जातो. शाळेची भाषा एक, कचेरीची दुसरी, घरची तिसरी, अशी कित्येकांची स्थिती. रिले चॅटच्या दालनात तुमचे राज्य कोणते, माध्यम कोणते, हे सहसा कोणी विचारीत नाही. तेथे प्रश्न नीट मांडला आहे की नाही एवढेच पाहिले जाते. भाषा बहुधा इंग्रजी असते आणि ती थोडी अडखळती असली तरी चालते.

आता मालकीच्या प्रकरणाकडे वळू. रॉब लेव्हिन नावाच्या गृहस्थांनी लिनक्स शिकणाऱ्यांच्या मदतीसाठी एक दालन चालविले होते. त्यातून १९९८ साली मुक्त प्रणालींसाठी एक स्वतंत्र जाळे वाढीस लागले आणि २००२ साली त्यास 'फ्रीनोड' हे नाव मिळाले. लेव्हिन २००६ साली अपघातात वारले, तरी स्वयंसेवकांनी काम चालू ठेवले. २०१३ च्या सुमारास भरगर्दीच्या वेळी तेथे सुमारे ९० हजार लोक जोडलेले असत. सर्व्हर देणगीदारांचे, श्रम स्वयंसेवकांचे. पुढे फ्रीनोडच्या नावाने एक कंपनी स्थापण्यात आली आणि २०१७ साली ती एका उद्योजकाच्या हाती देण्यात आली. रोजचे काम पूर्वीप्रमाणे चालले होते, म्हणून त्या कागदाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०२१ मध्ये मात्र हे जाळे नक्की कोणाचे, यावरून वाद पेटला.

१९ मे २०२१ रोजी स्वयंसेवकांनी सामुदायिक राजीनामे दिले आणि 'लिबेरा चॅट' हे नवे जाळे उभे केले. उबुंटू, जेंटू, फेडोरा, विकिमीडिया अशा मोठमोठ्या मंडळांनी थोड्याच दिवसांत आपली दालने तेथे हलविली. जुन्या जाळ्याच्या चालकांनी, नव्या पत्त्याचा उल्लेख असलेली शेकडो दालने ताब्यात घेतली. त्याने उरलेले लोकही दुखावले व निघून गेले. जूनमध्ये जुन्या नोंदीही पुसल्या गेल्या. नाव आणि पाटी कंपनीकडे राहिली, गजबज मात्र उठून गेली.

याच्या उलट उदाहरण 'ओएफटीसी' या जाळ्याचे. ते २००१ च्या अखेरीस सुरू झाले. त्याच्या देणग्या 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट' या १९९७ साली अमेरिकेत नोंदलेल्या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली ठेवण्यात आल्या. लिनक्सच्या डेबियन या मोठ्या शाखेने जून २००६ मध्येच आपली चावडी तेथे नेली होती, त्यामुळे २०२१ च्या वादळाची तिला विशेष झळ लागली नाही. लिबेरा चॅटही स्वीडनमध्ये ना-नफा संघटना म्हणून रचण्यात आले आणि त्याचे स्वयंसेवकच सभासद झाले. संस्था विकता येऊ नये, हाच त्या रचनेचा हेतू.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात असताना, १९५० साली, मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा झाला. सार्वजनिक मालमत्तेची नोंद व्हावी, हिशेब तपासले जावेत आणि विश्वस्ताने ती स्वतःची समजू नये, हे त्याचे सार. फ्रीनोडच्या स्वयंसेवकांची निष्ठा वादातीत होती. कागद कोणाच्या नावे आहे हे वेळीच पाहावयाचे तेवढे राहून गेले. आपल्या संस्थांतूनही पुष्कळदा असेच घडते. काम करणारा कामात गढलेला असतो आणि दप्तर कपाटात पडून असते.

आज तरुण मंडळी डिस्कॉर्ड, स्लॅक, टेलिग्राम अशा नव्या साधनांकडे अधिक वळली आहेत. मोझिलाने २०२० साली आपले रिले चॅट बंद करून 'मॅट्रिक्स' ही व्यवस्था स्वीकारली. जुन्या साधनात मागचे संभाषण आपोआप साठत नाही, ही त्याची उणीव खरीच. तथापि लिबेरा आणि ओएफटीसी ही दोन्ही जाळी चालू आहेत आणि दोन्ही विनामूल्य आहेत.

आपल्या मुलामुलींस तेथे जावयाचे असल्यास चार गोष्टी सांगून ठेवाव्यात. 'विचारू का?' असे न विचारता सरळ प्रश्नच मांडावा. उत्तरासाठी धीर धरावा, कारण उत्तर देणारा कदाचित दुसऱ्या खंडात झोपला असेल. दालन सार्वजनिक असते व तेथील बोलणे कोणीही नोंदवून ठेवू शकतो, म्हणून दूरध्वनी क्रमांक, पत्ता, परवलीचा शब्द तेथे लिहू नये. आणि स्वतःस उत्तर सापडले म्हणजे पुढच्या नवख्यास ते सांगण्यासाठी थोडा वेळ थांबावे. या शेवटच्या सवयीवरच ही चावडी इतकी वर्षे टिकली आहे, आणि आपला न्यासही.